सल्ला: पहिल्याच सेमला प्रोबेशन लागलंय, घरी अजून सांगितलेलं नाही

या आठवड्याचं पत्र थोडं छोटं करून देतेय, नाव-गाव-कॉलेज काढून टाकलंय:

"ताई, मी मूळ इचलकरंजीचा. कोल्हापुरात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) केलं, मग दीड वर्ष पुण्यात टेस्टिंगमध्ये जॉब. ऑगस्टमध्ये अमेरिकेत एमएस कॉम्प्युटर सायन्सला आलो, मिडवेस्टमधली एक स्टेट युनिव्हर्सिटी आहे. पहिल्या सेमला तीन कोर्स घेतले, ॲडव्हान्स्ड अल्गोरिदम्स, ऑपरेटिंग सिस्टिम्स आणि मशीन लर्निंग. अनुक्रमे सी प्लस, बी मायनस आणि बी मिळाले. परवा मेल आला की जीपीए (ग्रेडची सरासरी) २.६७ आहे, ३.० च्या खाली म्हणून ॲकॅडेमिक प्रोबेशन. एक सीनिअर म्हणतो पुढच्या सेमला दोनच कोर्स घे, आय-२० (व्हिसासाठीचा युनिव्हर्सिटीचा कागद, त्यावर कोर्सची मुदत असते) नंतर वाढवून मिळतं. दुसरा म्हणतो सोप्या कॉलेजला ट्रान्सफर मार. तिसऱ्याने गेल्या वर्षीच्या सगळ्या असाइनमेंटची ड्राइव्ह लिंक पाठवलीय. मी डायनिंग हॉलमध्ये आठवड्याला २० तास काम पण करतो. बाबांनी घर बँकेकडे ठेवून लोन काढलंय. रोज फोनवर विचारतात रिझल्ट लागला का, मी सांगतो इकडे उशिरा लागतो. रात्री झोप येत नाही. व्हिसा जाणार का माझा? — टेन्शनमधला ईएनटीसीवाला"

अरे बाबा, आधी श्वास घे. व्हिसा जात नाहीये. निदान या मेलमुळे तरी नाही. तो मेल परत एकदा उघड आणि शांतपणे वाच, त्यात कुठेतरी लिहिलेलं असणार की पुढच्या सेमच्या शेवटी क्युम्युलेटिव्ह, म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सेमचा मिळून, जीपीए ३.० वर आणा, किंवा निदान त्या सेमचा तरी जीपीए ३.० च्या वर ठेवा. या दोन वेगवेगळ्या अटी आहेत आणि तुला कुठली लागू आहे हे सगळ्यात आधी बघायचंय, कारण पुढचं सगळं गणित त्यावर आहे. तू मेल पूर्ण वाचलाच नसशील असा माझा अंदाज आहे. प्रोबेशन शब्द दिसला की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस लॅपटॉप बंद करून पांघरुणात शिरतो, मला माहितीये.

प्रोबेशन म्हणजे तू आणि तुझी युनिव्हर्सिटी यांच्यातला इशारा. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसाच्या, स्टेटसला बघितलं जातं ते तू फुल टाइम एनरोल आहेस का, परवानगीशिवाय काम करत नाहीयेस ना आणि डिग्रीच्या दिशेने पुढे सरकतोयस का. प्रोबेशनवर असलेला, नऊ क्रेडिट घेऊन वर्गात बसणारा विद्यार्थी पूर्ण कायदेशीर स्टेटसमध्ये असतो. गडबड होते ती डिसमिसलने, म्हणजे दुसऱ्या सेमलाही जीपीए वर आला नाही आणि डिपार्टमेंटने प्रोग्राममधून काढलं तर. मग शिकायला कोर्सच उरत नाहीत आणि स्टेटस आपोआप अडचणीत येतं. कोर्स रीतसर पूर्ण करणाऱ्याला नंतर ६० दिवस मिळतात आवराआवर करायला, डीएसओच्या, म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमधल्या व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, परवानगीने मध्येच सोडणाऱ्याला १५ दिवस, आणि स्टेटस बिघडवून बसलेल्याला एकही दिवस नाही. तू यातल्या कशाच्याही जवळ नाहीयेस. पण एक सेम तेवढं मध्ये आहे, तेव्हा ते एक सेम नीट बघू.

तुझा गोंधळ कुठे झाला सांगू? आपल्याकडे डोक्यात पास-नापास एवढंच बसलेलं असतं. ४० आले की सुटलो, राहिला तर केटी, पुढच्या सेमला काढू, फार तर वायडी, आणि त्यातूनही लोक बाहेर पडून छान नोकऱ्या करतायत. तुला सी प्लस आला तेव्हा मनात पहिल्यांदा हेच आलं असेल की चला, पास तर झालो. इथे मास्टर्सला सी प्लस कागदावर पास आहे पण सरासरीला तो दगडासारखा खाली ओढतो. इथे बी म्हणजे ठीकठाक, बी मायनस म्हणजे सर थोडे नाराज आहेत, आणि सी म्हणजे सरांच्या मते हे काम ग्रॅज्युएट लेव्हलचं नाही. आणि ३.० ची अट शेवटपर्यंत सुटत नाही. डिग्रीचे ३० क्रेडिट पूर्ण झाले आणि जीपीए २.९८ असला तरी डिग्री मिळत नाही, वरून आणखी एखादा कोर्स घेऊन तो वर आणावा लागतो, त्याची फी वेगळी. एकही विषय न राहता डिग्री अडकते, हे आपल्याकडच्या लोकांना पटायलाच वेळ लागतो.

आता कागद-पेन घे, दोनातली अवघड अट, क्युम्युलेटिव्हची, धरून चालू. ए म्हणजे ४, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३, बी मायनस २.७, सी प्लस २.३. तुझ्या युनिव्हर्सिटीत आकडे किंचित वेगळे असू शकतात, काही ठिकाणी ३.३३ धरतात, ते रजिस्ट्रारच्या पानावर बघ. तुझे तीन कोर्स तीन-तीन क्रेडिटचे, म्हणजे २.३, २.७ आणि ३ ची बेरीज ८, गुणिले ३, झाले २४ पॉइंट. ९ क्रेडिटला २४. पुढच्या सेमच्या शेवटी १८ क्रेडिट असतील, त्याला ३.० ने ५४ पॉइंट पाहिजेत, म्हणजे येत्या सेममध्ये ३० पॉइंट कमवायचेत. इथे एक खड्डा आहे बघ, आणि खूप जण त्यात पडतात. लोक म्हणतात तिन्हीत बी प्लस आणला की झालं. नाही होत! तीन बी प्लसचे २९.७ होतात, सरासरी येते २.९८, म्हणजे सेमभर राबून, चांगले मार्क आणून, तू ०.३ पॉइंटसाठी परत लाल यादीत. पण एका कोर्सला ए काढला तर १२ पॉइंट तिथेच आले, उरलेल्या दोन कोर्समध्ये नुसता बी चालतो, १२ अधिक ९ अधिक ९, बरोब्बर ३०. एक ए, दोन बी. काठावर आहे म्हणून दोनातल्या एकात बी प्लसचा प्रयत्न ठेव, मग ३.०५ होतो आणि जीव भांड्यात पडतो.

म्हणून माझं तुला एवढंच सांगणं आहे की तिन्ही कोर्सच्या मागे सारखा धावू नकोस. एक कोर्स असा निवड ज्यात तुला ए मिळणारच, आणि तो आत्ता, ॲड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स बदलायची शेवटची, तारीख जायच्या आधी निवड. तू ईएनटीसीचा आहेस ना? मग कॉम्प्युटर नेटवर्क्स, वायरलेस, एम्बेडेड, सिग्नलकडे झुकणारं काहीतरी, डिपार्टमेंटमध्ये असतंच. सगळे सीएसवाले टीसीपी कंजेशन कंट्रोल पहिल्यांदा शिकत असताना तुला निम्मं ओळखीचं वाटेल. लोक काय करतात, नोकरीसाठी भारी दिसेल म्हणून डीप लर्निंग, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स आणि क्लाउड एकाच सेमला घेतात, तिन्ही प्रोजेक्टवाले, तिन्हीच्या डेडलाइन एकाच आठवड्यात, मग एप्रिलमध्ये बसतात रडत. एक प्रोजेक्टवाला, एक परीक्षावाला, एक तुझ्या हातखंड्याचा, असं बसव. आणि एस-यू (नुसतं समाधानकारक की नाही एवढंच सांगणारा) ग्रेडवाला सेमिनार घेऊन क्रेडिट भरशील तर त्याचा जीपीएला काही उपयोग नाही, त्याला पॉइंटच नसतात, तेही बघून ठेव.

अल्गोरिदम्सच्या सी प्लसचं मात्र एक वेगळं प्रकरण आहे. बहुतेक सीएस डिपार्टमेंटमध्ये मास्टर्सला ब्रेड्थ नावाची भानगड असते, म्हणजे थिअरीतला एक, सिस्टिम्समधला एक, एआय किंवा ॲप्लिकेशन्समधला एक कोअर कोर्स पाहिजेच, आणि बऱ्याच ठिकाणी त्या कोअरमध्ये किमान बी किंवा बी मायनस लागतो. तसं असेल तर तुझा सी प्लस ३० क्रेडिटमध्ये धरतील कदाचित, पण थिअरीची चौकट रिकामीच राहील. हे तुला कुठला सीनिअर सांगू शकणार नाही कारण ज्या वर्षी तू आलास त्या वर्षीचा कॅटलॉग तुला लागू होतो, त्याच्या वर्षीचा त्याला. पोर्टलवर डिग्री ऑडिट म्हणून एक बटण असतं, ते दाब, कुठल्या चौकटीत हिरवं आलंय आणि कुठल्या लाल ते दिसेल, आणि मग ग्रॅज्युएट ॲडव्हायझरला सरळ मेल टाक की हा कोर्स कोअरला धरला का, आणि रिपीट केला तर जुना ग्रेड निघून जातो की दोन्ही मोजतात. या प्रश्नाच्या उत्तरावर खूप काही आहे. जुना निघत असेल तर तुझे उरतात ६ क्रेडिटला १७.१ पॉइंट, अल्गोरिदम्स परत आणि दोन नवे असं घेतलंस तर दोन बी आणि एक बी प्लसवर गाडी ३.० ला टेकते, ए ची गरजच नाही. दोन्ही मोजत असतील तर रिपीटने चौकट भरते पण सरासरीला तो फक्त आणखी एक कोर्स. शिवाय स्प्रिंगला, म्हणजे येत्या सेमला, तो कोर्स असतो का तेही बघ, काही ठिकाणी वर्षातून एकदाच लावतात.

पहिला सीनिअर. दोनच कोर्स घे म्हणतोय. याला फोन करून सांग की बाबा रे, तुझं काय ते तुझ्यापाशी ठेव. एफ-१ वर फुल टाइम म्हणजे ग्रॅज्युएटला साधारण ९ क्रेडिट, आणि त्यातही ऑनलाइन कोर्स एकच मोजतात, जास्तीत जास्त ३ क्रेडिटचा. त्याखाली जायचं तर डीएसओची आधी परवानगी लागते, आणि ती मनाला आलं म्हणून देत नाहीत. भाषेची किंवा इथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सुरुवातीची अडचण, चुकीच्या लेव्हलच्या कोर्सला बसणं, अशी ठरलेली कारणं आहेत, ती सवलत एका डिग्रीत एकदाच मिळते आणि तेव्हाही निम्मा लोड ठेवावाच लागतो. आजारपणाची सवलत वेगळी, तिला डॉक्टरचं किंवा लायसन्स असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं आणि ती एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळू शकते. आणि शेवटच्या सेमला एकच कोर्स उरला असेल तर तेवढाच घेता येतो, फक्त तो ऑनलाइन नको, वर्गात बसायचा हवा.

आता "आय-२० नंतर वाढवून मिळतं" याबद्दल. आय-२० वाढवायला अभ्यासातलं किंवा तब्येतीचं ठोस कारण लागतं, उदाहरणार्थ थिसिसचा विषय बदलला, अनपेक्षित रिसर्च प्रॉब्लेम आला, आजारपण. आणि नियमात चक्क वेगळं वाक्य लिहिलेलं आहे की ॲकॅडेमिक प्रोबेशन किंवा सस्पेन्शनमुळे झालेला उशीर हे कारण चालणार नाही. म्हणजे तू आज प्रोबेशनमुळे लोड कमी केलास आणि दीड वर्षाने एक सेम कमी पडलं, तर नेमकं तेच कारण तुला तिथे सांगता येणार नाही. सीनिअरला हे माहीत नसणार, त्याला कुणीतरी सांगितलं ते तो तुला सांगतोय. तुझं आय-२० दोन वर्षांचं असेल तर हिशोब छान बसतो, ९ झाले, ९ आता, ९ पुढच्या फॉलला, म्हणजे ऑगस्टच्या सेमला, उरले ३. अल्गोरिदम्स परत करावा लागला तरी शेवटच्या सेमला ६. जागा आहे, फक्त मधलं एकही सेम वाया घालवायला जागा नाही.

इथे माझा स्वतःचा मूर्खपणा सांगते, कारण मी हे सगळं शहाणपण पुस्तकातून नाही शिकले. मी सांगलीची, कॉम्प्युटरचीच होते, तरी पहिल्या सेमला एका सिस्टिम्सच्या कोर्समध्ये मिडटर्मला १०० पैकी ३८ पडले आणि मी घाबरून त्याच रात्री पोर्टलवर जाऊन तो कोर्स ड्रॉप केला. दोन क्लिक. कुणाला विचारलं नाही. सकाळी उठले तर ६ क्रेडिटवर. दोन दिवसांनी इंटरनॅशनल ऑफिसचा मेल, ताबडतोब येऊन भेटा. त्या बाई चांगल्या होत्या म्हणून निभावलं, त्यांनी सेमच्या उत्तरार्धात सुरू होणारा एक आठ आठवड्यांचा कोर्स शोधून दिला आणि नऊ क्रेडिट भरून घेतले, मला मात्र जाताना म्हणाल्या की ३८ चा वर्गातला ॲव्हरेज किती होता ते तरी बघितलंस का. ॲव्हरेज होता ४१. कर्व्ह लागून, म्हणजे वर्गाच्या सरासरीवरून ग्रेड ठरून, मला त्यात बहुतेक बी आला असता! आजही आठवलं की चिडचिड होते. तेव्हा ड्रॉपचं बटण दाबायच्या आधी डीएसओ, हे मनात कोरून ठेव. डीएसओचं काम तुला पकडणं नाही, तू चुकायच्या आत विचारलंस तर त्यांच्या हातात खूप मार्ग असतात, नंतर गेलास की त्यांचेही हात बांधलेले.

दुसरा सीनिअर, ट्रान्सफरवाला. बघ, ट्रान्सफर करता येते, सेव्हिस रेकॉर्ड, म्हणजे सरकारकडची तुझी विद्यार्थी म्हणून नोंद, एका युनिव्हर्सिटीतून दुसरीकडे जातं, त्यात गुन्हा काही नाही. पण २.६७ वर आणि प्रोबेशनचा शिक्का असताना तुला जे कॉलेज हसत हसत दोन दिवसांत ॲडमिशन देतं ते का देतंय याचा विचार कर. शिवाय दुसरीकडे किती क्रेडिट घेतील याचा भरवसा नसतो, बी च्या खालचे ग्रेड सहसा कुणी ट्रान्सफर करून घेत नाही, म्हणजे तुझ्या नऊपैकी फार तर तीन, बाकी सहा क्रेडिटची फी बाबांनी भरलेली पाण्यात. स्प्रिंग संपल्यावर खरंच जमत नाहीये असं दिसलं तर तेव्हा बोलू, पण डिसमिसलच्या आधी बोलू, नंतर नाही. आत्ता हा विषय बंद.

आणि तिसरा. ती ड्राइव्हची लिंक उघडू नकोस. उघडली असशील तर बंद कर आणि काही डाउनलोड केलं असेल तर उडव. मी इथे नीतीचे धडे द्यायला बसलेली नाहीये, आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री एका जर्नलवरून अख्ख्या बॅचने जर्नलं उतरवलीत, मीही उतरवलीत, फाइल कम्प्लीट आणि डिफॉल्टर लिस्टमधून नाव बाहेर. इथे असाइनमेंट जमा झाल्या की मॉससारख्या, कोडची नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातात. हे मॉस १९९४ पासून आहे, म्हणजे बहुधा तुझ्या जन्माच्या आधीपासून, आणि ते व्हेरिएबलची नावं, कॉमेंट्स, स्पेस बघतच नाही, कोडचा सांगाडा बघतं, मग तू `आय` चं `काउंट` कर नाहीतर फंक्शन वरचं खाली ने, जुळायचं ते जुळतंच. आणि गेल्या वर्षीची सबमिशन्स प्रोफेसरकडे असतातच, त्यांच्याशीही ताडून बघतात. पकडला गेलास तर त्या असाइनमेंटला शून्य ही सगळ्यात हलकी शिक्षा, कोर्सला एफ लागू शकतो. एफ म्हणजे ० पॉइंट. वरचं गणित परत कर त्या शून्यावर, दोन ए काढूनही २४ आणि २४ मिळून ४८ होतात, ५४ नाही. म्हणजे प्रोबेशनवरच्या मुलाला हा जुगार परवडतच नाही. चॅटबॉटचंही तेच, सिलॅबसमध्ये प्रत्येक सरांनी काय चालेल काय नाही ते लिहिलेलं असतं, कोर्सागणिक वेगळं, वाच.

मग अभ्यास कसा सुधारायचा? इथे मला वाटतं तुझा खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. ईएनटीसीला डिस्क्रीट मॅथ्स आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन कुणी घासून घेत नाही, आणि तू पहिल्याच सेमला ॲडव्हान्स्ड अल्गोरिदम्सला बसलास, जिथे प्रश्न असतो "सिद्ध करा". कोड चालला म्हणून मार्क नाहीत, का चालतो ते लिहून दाखवा. आपली सवय अशी की पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की लोकल ऑथर काढायचा, गेल्या पाच वर्षांचे प्रश्न बघायचे आणि तीन आठवड्यांत गड सर करायचा. इथे पीएल नावाची चीजच नाही, शेवटचा क्लास आणि फायनलमध्ये दोन-चार दिवस असतात, आणि ग्रेडचा मोठा हिस्सा दर आठवड्याच्या होमवर्कमध्ये आधीच खर्च झालेला असतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यापासून ऑफिस अवर्स, म्हणजे सरांना भेटून शंका विचारायची ठरलेली वेळ. मला माहितीये तू एकदाही गेला नसशील. आपल्याला वाटतं सरांकडे गेलो तर सरांना कळेल आपल्याला येत नाही. अरे त्यांना होमवर्क तपासताना कळलेलंच आहे! तिथे रिकाम्या हाताने जाऊ नको, अर्धवट सोडवलेलं उत्तर घेऊन जा आणि म्हण की इथपर्यंत आलो, पुढे अडलो. टीएच्या, म्हणजे सरांना मदत करणाऱ्या सीनिअर विद्यार्थ्याच्या, ऑफिस अवर्सला तर अजून बरं, कारण तपासणारा बहुतेकदा तोच असतो, तो कुठे मार्क कापतो हे त्याच्या बोलण्यातूनच कळतं.

वीस तासांचं काम कमी कर. वीस तास ही कायद्याने सेम चालू असताना कॅम्पसवर काम करायची कमाल मर्यादा आहे, तेवढं करायलाच पाहिजे असं नाही. दहावर आण. मला माहितीये तेवढ्यात किराणा आणि फोनचं बिल निघतं आणि घरी पैसे मागायला लाज वाटते. पण एक कोर्स परत करायला लागला तर त्याची फी डायनिंग हॉलमध्ये भांडी विसळून किती महिन्यांत निघेल ते मांड एकदा, आणि मग ठरव. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचंही त्याला जोडलेलं आहे. सीपीटीला, म्हणजे शिकत असताना इंटर्नशिप करायच्या परवानगीला, एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं लागतं, ते तुझं मे मध्ये होईल, पण बऱ्याच युनिव्हर्सिटी प्रोबेशन चालू असताना सीपीटी देत नाहीत, म्हणून तुझ्याकडचा नियम विचारून घे, कंपनीला हो म्हणायच्या आधी. पुढे डिग्री झाली की ओपीटीचे, म्हणजे त्याच व्हिसावर नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने आणि सीएस स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत, असल्याने आणखी २४ महिन्यांचं एक्स्टेन्शन, ते सगळं जागच्या जागी आहे, त्याला या प्रोबेशनने आत्ता काही धक्का लागत नाही. कंपन्या ट्रान्सक्रिप्ट बघतात का? काही बघतात, बऱ्याच जणांना फक्त कोडिंग राउंडशी मतलब असतो. ती काळजी मे नंतर कर.

झोपेचं लिहिलंयस ते मी हलकं घेत नाहीये. कॅम्पसवर काउन्सेलिंग सेंटर असतं, विद्यार्थ्यांना पहिल्या काही भेटी सहसा तुमच्या फीमधूनच असतात, वेगळे पैसे नाहीत. जा. तिथे गेलं म्हणजे वेड लागलंय असं नाही, आणि तिथलं बोलणं डिपार्टमेंटला कळत नाही. आणि कधी रात्री नको नको ते विचार यायला लागले तर ९८८ वर फोन किंवा मेसेज कर, अमेरिकेत कुठूनही, २४ तास चालू असतो. नाहीतर मला मेल टाक, मी उत्तर देते, पण मी झोपलेली असेन, ते लोक नसतात.

आता घर. तुला एक गंमत सांगू, युनिव्हर्सिटी तुझ्या बाबांना काहीही कळवणार नाही, १९७४ चा फर्पा नावाचा कायदाच आहे, सज्ञान विद्यार्थ्याचे मार्क त्याच्या संमतीशिवाय आई-वडिलांनाही द्यायचे नाहीत. आपल्याकडे रिझल्टच्या दिवशी शेजारच्या काकूंना आपल्या आधी कळतं, आणि इथे ही तऱ्हा. तेव्हा लपवायचं ठरवलंस तर लपेल. पण बँक पुढचा हप्ता सोडायच्या आधी मार्कशीट मागू शकते, आणि बाबा ती तुझ्याकडे मागणार, आणि त्या दिवशी तुला एका फोनमध्ये दोन गोष्टी सांगाव्या लागतील, मार्क कमी पडले आणि मी महिनाभर खोटं बोलत होतो. पहिल्यापेक्षा दुसरीचा त्रास त्यांना जास्त होईल. घर ठेवलेला माणूस आहे तो, त्याला आकडे कळतात, व्याज कळतं, हप्ता चुकला तर काय होतं ते कळतं. त्यामुळे रडत फोन करू नको आणि "थोडं कमी पडलं" असं गुळमुळीतही सांगू नको. प्रोबेशनचा अर्थ सांग, २४ पॉइंट आहेत, ५४ लागतात, येत्या सेमला एक ए आणि दोन बी काढायचेत, हे हे कोर्स घेतोय, काम दहा तासांवर आणतोय त्यामुळे महिन्याला इतके इतके पैसे कमी पडतील, मे च्या मध्यावर रिझल्ट कळेल. आईला आधी सांगून बाबांच्या कानावर तिच्याकडून घालायचा आपला जुना मार्ग आहे, तो या वेळी नको, तिची मधल्या मध्ये फरफट होते. रविवारी सकाळी, म्हणजे तुझी शनिवार रात्र, दोघं एकत्र असताना कर. पहिली पाच मिनिटं बाबा काहीच बोलणार नाहीत किंवा खूप बोलतील. ऐकून घे.

पत्राच्या शेवटी तू रूममेटचं विचारलं होतंस, ते वर गाळलंय. तो पीएचडीला आहे, दुसऱ्या वर्षाला, आणि त्याला ॲन्युअल रिव्ह्यूमध्ये "प्रगती समाधानकारक नाही" असं पत्र आलंय. त्याचं आणि तुझं दुखणं वेगळं आहे. त्याला कुणी जीपीए विचारत नाही, तिथे क्वालिफाइंग परीक्षा वेळेत, कमिटी वेळेत, गाईड खूश आहे की नाही हे चालतं. क्वालिफाइंगला बहुतेक ठिकाणी दोन संधी देतात. त्याने पत्रात लिहिलेली प्रत्येक अपेक्षा गाईडबरोबर बसून तारखेसकट लेखी करून घ्यावी, तोंडी "हो हो बघू" वर राहू नये, आणि अगदीच नाही जमलं तर मास्टर्स घेऊन बाहेर पडायचा दरवाजा बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये उघडा असतो. सविस्तर त्यालाच लिहू दे, तुझ्यामार्फत नको.

ऑफिसेस नववर्षानंतर उघडतील, पहिल्याच दिवशी डीएसओची अपॉइंटमेंट घे, जाताना प्रोबेशनचा मेल आणि आय-२० दोन्हीची प्रिंट ने, त्यावरची एंड डेट आधी बघून ठेव. ॲडव्हायझरला रिपीटचा प्रश्न विचारायचाय तो आजच मेलने विचार, सुट्टीतही कधीकधी उत्तर येतं. आणि स्प्रिंगला जे तीन कोर्स घेणार आहेस त्यांची नावं मला पाठव, सिलॅबस मिळाले तर तेही जोड, त्यातला ए चा कोर्स कुठला ते बघू. ॲड-ड्रॉपच्या तारखेच्या आधी पाठव, नंतर पाठवलंस तर मी फक्त हळहळू शकेन.